नववीच्या वर्गात चित्रकादंबरी: आधी चित्र की आधी मजकूर?

मॅडम, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात तुम्ही आठवी-नववीला मराठी आणि इंग्रजी शिकवता. पाठ्यपुस्तकाबाहेरचं मुलं काही वाचत नाहीत. तुमच्या भावाने जगप्रसिद्ध कादंबऱ्यांची चार-पाच चित्ररूपं, म्हणजे चित्रकथेसारखी चौकटींत सांगितलेली पुस्तकं, पाठवली आणि मुलं त्यांवर तुटून पडली. आता मुख्याध्यापक म्हणतात, पोरं चित्रं पाहून मोकळी होतील आणि मूळ पुस्तकाला हात लावणार नाहीत. तुम्हालाही तीच धास्ती आहे. ही पुस्तकं वर्गात वापरावीत का, आणि वापरायची तर कशी?

वापरा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत भाषा शिकवतो, आणि बरीच वर्षं अशी पुस्तकं वर्गात नेतो आहे. पण ‘चित्र की मूळ’ या वादात तुम्ही अडकू नका, असं मला मनापासून वाटतं. पान समोर आल्यावर मुलाने त्या तासाला काय करायचं, इथे सगळं अडतं. नुसतं पुस्तक वाटून ‘वाचा’ म्हटलं, तर मुलं वीस मिनिटांत शेवटच्या पानावर पोचतात आणि चित्ररूपाचाही काही उपयोग होत नाही. एखादं पान निवडून मुलांना मूळ परिच्छेदाकडे आणि परत चित्राकडे फिरवलं, तर वर्षभर ज्याने तोंड उघडलं नाही तो मुलगाही वाक्यावर बोट ठेवून भांडतो.

मी एक पथ्य पाळतो. गोष्टीतलं जग मुलांना अनोळखी असेल तर आधी चित्र दाखवतो. जग ओळखीचं असेल, किंवा गोष्टीचा सगळा जीव एखाद्या भावनेत असेल, तर आधी मजकूर. लंडनचं धुकं, जहाजाचा डेक, बर्फातली घसरगाडी हे सगळं आपल्या मुलांनी पाहिलेलं नसतं. त्याची वर्णनं वाचून दाखवताना वर्गाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, आणि तिथे एक चौकट पानभराचं काम करते. पण बाप-लेकीची ताटातूट, उधारी, घरातला रुसवा हे मुलांना चित्रकारापेक्षा जास्त ठाऊक असतं. तिथे आधी चित्र दाखवलं की त्यांच्या मनातलं चित्र पुसलं जातं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमच्या वर्गात कोणत्या घरची मुलं आहेत, त्यावर बरंच ठरतं. माझ्याकडे वऱ्हाडी बोलणारी मुलं आहेत, तांड्यावरची गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी आहेत आणि कोलाम पोडावरची (वस्तीवरची) थोडी आहेत. मेळघाटातल्या शिक्षकांसमोर कोरकू बोलणारी मुलं असतात. या मुलांना पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा, आणि इंग्रजी त्याच्याही पुढची. त्यांना मी पहिल्यांदा चौकटीतला प्रसंग घरच्या बोलीत सांगायला लावतो आणि मग मराठीत. चित्र समोर असल्यामुळे ‘शब्द येत नाही’ म्हणून कोणी गप्प राहत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. दिवाळीनंतर कापूस वेचणीला लागला की वर्गातली हजेरी आपल्याला माहीतच आहे. महिनाभर चालणारं क्रमशः वाचन त्या दिवसांत टिकत नाही, कारण आज आलेलं मूल कालच्या तासाला नसतं. म्हणून मी वेचणीच्या दिवसांत एका तासात सुरू होऊन त्याच तासात संपणारी कामं घेतो: एक पान, एक परिच्छेद, एक प्रश्न. अख्खी कादंबरी हाती घ्यायची तर जुलै-ऑगस्ट बरा.

पहिला तास मी चित्रकथा कशी वाचायची याला देतो, आणि तुम्हीही द्या. शहरातल्या मुलांना हे आपोआप येतं, असं आपण धरून चालतो. आपल्या कित्येक मुलांनी मात्र असं पुस्तक कधी हातात धरलेलं नसतं. कोणती चौकट आधी, एका चौकटीत दोघं बोलत असतील तर आधी कोण, ढगासारख्या कडेत लिहिलेलं म्हणजे मनातला विचार, काटेरी कडेत लिहिलेलं म्हणजे ओरडणं, चौकोनात लिहिलेलं म्हणजे निवेदकाचं बोलणं, हे सगळं फळ्यावर काढून दाखवावं लागतं. इंग्रजी चित्रकादंबऱ्यांत आणखी एक अडचण असते. त्यांतली अक्षरं बहुतेक वेळा सगळी कॅपिटल असतात. आपली मुलं लहान लिपीतले शब्द आकारावरून ओळखतात, आणि कॅपिटलमध्ये तोच शब्द आला की अडखळतात. अशा वेळी मूल कच्चं आहे असं समजू नका. तीच वाक्यं फळ्यावर लहान लिपीत लिहून द्या, वाचन सुरळीत होतं.

त्याच तासाला दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीकडेही लक्ष वेधा. पहिल्या चौकटीत माणूस दाराशी, दुसरीत तो रस्त्यावर धावतोय. मध्ये काय झालं, ते वाचणाऱ्याने मनात भरलेलं असतं. ‘मधलं लिहा’ हा माझा सगळ्यात आवडता गृहपाठ आहे. चार ओळी पुरतात, आणि त्या चार ओळींत मूल कथालेखकाचंच काम करत असतं.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची कादंबरी, पुस्तकरूपात 1873ची. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठीत आणलं, त्यामुळे मराठी वाचकाला हा लेखक परका नाही. या कादंबरीची चित्ररूपं सहज मिळतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या मुखपृष्ठावर बलून असतो. मूळ कादंबरीत तिचा नायक फॉग एकदाही बलूनमध्ये बसत नाही. आगगाडी, आगबोट, हत्ती, बर्फावरची शिडाची घसरगाडी अशी वाहनं आहेत, बलून नाही. तो 1956च्या हॉलिवूड चित्रपटातून आला आणि मुखपृष्ठांवर जाऊन बसला. मी हे मुलांना आधी सांगत नाही. ‘मुखपृष्ठावरचं वाहन आत कोणत्या पानावर येतं, शोधा’ एवढंच सांगतो. मुलं पुस्तक दोनदा चाळतात, मग मूळ पुस्तकाचं मराठी भाषांतर चाळतात, आणि सापडत नाही तेव्हा चिडून येतात. मूळ पुस्तक उघडायला याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

पण माझा खरा तास पुढे आहे. फॉग 20 ऑक्टोबर 1872 रोजी मुंबईला उतरतो आणि त्याच रात्री कलकत्त्याच्या गाडीत बसतो. दुसऱ्या दिवशी गाडी खानदेशातून जाते आणि दुपारी बऱ्हाणपूरला थांबते, म्हणजे मेळघाटाच्या अगदी शेजारी. माझ्याकडच्या चित्ररूपात हा टप्पा दोन चौकटींत उरकलाय: धूर सोडणारं इंजिन आणि ताडाची झाडं. मूळ परिच्छेदात मात्र व्हर्नने लिहिलंय की इंग्रज ड्रायव्हरच्या हातातलं आणि इंग्लंडच्या कोळशावर चालणारं ते इंजिन कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवर धूर सोडत चाललं होतं. मी आधी चौकटी दाखवतो आणि मग हा परिच्छेद सावकाश वाचतो. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, लवंगा कायले पेरतीन तिकडं? तिकडं तं केयी अन् पऱ्हाटी!” केयी म्हणजे केळी, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. त्याचे मामा खानदेशातल्या रावेरकडचे. पाठोपाठ दुसरा म्हणाला, “अन् कोयसा इंग्लंडचा कायले? कोयसा तं वणीतच निंगते.”

त्या दिवशी वर्ग जगप्रसिद्ध लेखकाची झडती घेत होता. कापूस बरोबर, आणि ऑक्टोबर म्हणजे बोंडं फुटायचे दिवस, तेही बरोबर. जायफळ-लवंग त्या भागात येणं शक्य नाही. हे व्हर्नने फ्रान्समध्ये बसून, हिंदुस्थान म्हणजे मसाले या समजुतीवर लिहिलेलं. कोळशाच्या बाबतीत मात्र मुलं चुकली होती आणि व्हर्न बरोबर होता. मुंबईकडच्या रेल्वेला त्या काळात विलायती कोळसा आणावा लागे. तो मुद्दा मी तिथल्या तिथे सोडवला नाही, इतिहासाच्या सरांकडे पाठवला. मग मुलांना काम दिलं: चित्रकाराने गाळलेली चौकट तुम्ही काढा, पण खिडकीतून जे खरंच दिसलं असतं तेच त्यात यायला हवं. पऱ्हाटीचं झुडूप काढताना त्यांना चित्र शिकवावं लागलं नाही. पानाचा आकार कसा, बोंडाच्या पाकळ्या किती, यावर आपसात वाद झाले. आणि चौकटीखाली द्यायचं वाक्य मूळ पुस्तकातून निवडायचं असल्याने तो परिच्छेद प्रत्येकाने पुन्हा पुन्हा वाचला. इंग्रजीच्या तासाला हाच परिच्छेद इंग्रजी भाषांतरातून घेतला, तेव्हा त्यातले अवघड शब्द कोणी विचारलेच नाहीत. अर्थ आधीच माहीत होता.

हे अनोळखी जगाचं उदाहरण. दुसऱ्या बाजूचं उदाहरण म्हणजे रवींद्रनाथांची 1892 सालची ‘काबुलीवाला’. या कथेला मी चित्र आधी लावत नाही. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच: सुका मेवा विकणारा रहमत, पाच वर्षांची मिनी, आणि गोष्ट सांगणारे मिनीचे वडील. तुरुंगातून सुटून आलेला रहमत शेवटी अंगरख्यातून एक जपलेला कागद काढतो. तिथे मी वाचन थांबवतो. ‘कागदावर काय असेल? चौकट काढा.’ जवळजवळ सगळी मुलं मुलीचा फोटो काढतात, काही जण चिठ्ठी काढतात. मग पुढची ओळ वाचतो. कागदावर फोटो नसतो, रंगवलेलं चित्रही नसतं. काजळी लावून उमटवलेला एका लहान हाताचा पंजा असतो. रहमतची दूर राहिलेली मुलगी.

वर्ग एकदम शांत होतो, आणि मग पेन्सिली पुन्हा चालू लागतात. हाताचा ठसा म्हणजे काय, हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही. पोळ्याला बैलाच्या पाठीवर रंगाचे पंजे त्यांनी स्वतः उमटवलेले असतात. लग्नघरी भिंतीवर हळदीचे हात पाहिलेले असतात. दुसऱ्यांदा काढलेल्या चौकटी फार वेगळ्या असतात. एका मुलीने पूर्ण चौकटभर फक्त ठसा काढला होता, माणूस कुठेच नाही. शेजारच्या मुलाने रहमतचा राकट हात मोठा काढून त्यात कागद एवढासा दाखवला. मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी धरल्या आणि विचारलं, यातली कुठली चौकट वाचकाला रहमतच्या जवळ नेते आणि कुठली मुलीच्या? त्यावर अर्धा तास चर्चा झाली. कथेतलं प्रतीक शिकवायचं म्हणून फळ्यावर व्याख्या लिहून देण्यापेक्षा हा अर्धा तास मला मोलाचा वाटतो.

त्याच कथेत पुढे एक अशी जागा येते जिथे चित्र हरतं, आणि ती मुलांना मुद्दाम दाखवावी. ठसा पाहिल्यावर निवेदकाला जाणवतं की हा मेवेवाला आणि मी खानदानी बंगाली हा फरक आता उरला नाही, तोही बाप आणि मीही बाप. याची चौकट कशी काढणार? मुलं खूप प्रयत्न करतात. कोणी डोळ्यांत पाणी काढतं, कोणी दोघांना समोरासमोर बसवतं. शेवटी एखादं मूल म्हणतं, सर, इथे लिहावंच लागेल. निवेदक म्हणजे काय, प्रथमपुरुषी निवेदनाने काय साधतं, हे त्या क्षणी त्यांना कळलेलं असतं. म्हणून कुठलंही चित्ररूप निवडताना मी पहिल्यांदा हेच पाहतो की मूळ गोष्ट ‘मी’ सांगत असेल तर त्या ‘मी’चा आवाज यात शिल्लक आहे का. बऱ्याच रूपांतरांत घटना सगळ्या राहतात आणि सांगणारा माणूस नाहीसा होतो.

निवडीचं आणखी थोडं सांगतो. पुस्तकाचं सगळ्यात नाट्यमय पान उघडा. चित्रात जे दिसतंय तेच वर चौकोनात शब्दांतही लिहिलं असेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवा, त्यात मुलाला करायला काही उरत नाही. मूळची वाक्यं थोडी तरी जशीच्या तशी ठेवली आहेत का ते पाहा. पात्रांचे चेहरे पानागणिक ओळखू येतात का तेही पाहा, नाहीतर मुलं गोंधळतात. आणि रंगांकडे फार बारकाईने पाहा. अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ मराठीतही आल्या. शाकुंतल, बाणभट्टाची ‘कादंबरी’, आनंदमठ अशा अभिजात साहित्यकृती त्यांत आहेत, आणि आपल्याकडच्या वर्गांना त्यांचा खरंच आधार झाला आहे. पण जुन्या चित्रकथांत नायक-नायिका गोऱ्या आणि राक्षस, दुष्ट, सेवक काळे ही रीत पुन्हा पुन्हा दिसते. माझ्या वर्गात उन्हात राबणाऱ्या घरांतली सावळी मुलं बसतात. हे पान त्यांच्यासमोर मुकाट्याने ठेवणं मला मंजूर नाही. ‘मूळ मजकुरात या पात्राचा रंग सांगितला आहे का?’ हा प्रश्न मी हटकून विचारतो. बहुतेक वेळा सांगितलेला नसतो. मग तो रंग कोणी ठरवला, हे मुलं स्वतःच बोलू लागतात. पूर्वेकडच्या गोंड मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांनी 2011 साली आलेलं ‘भीमायन’ एकदा जरूर पाहावं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आठवणी त्यात चितारल्या आहेत. कादंबरी नव्हे ती, पण पान चौकोनी खणांत कापल्याशिवायही चित्रकथा सांगता येते, हे त्यात दिसतं.

एकच प्रत आणि चाळीस मुलं, ही तुमची अडचण सगळ्यांचीच आहे. टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल आणि त्या वेळी लाइन असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पानाच्या थोड्या झेरॉक्स काढून गटाला एक द्या आणि बोलण्याच्या फुग्यांवर कागदाची पट्टी चिकटवा. आधी मुलांनी संवाद लिहायचे, वऱ्हाडीत लिहिले तरी चालतील, मग पट्टी काढून ताडून पाहायचं. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला अशी प्रत काढायची मुभा आहे. पण अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, ते शिकवणं होत नाही. मराठीत अशी पुस्तकं आधीच थोडी आहेत, ती काढणाऱ्यांचं नुकसान आपण करू नये. मुलांनी स्वतः चित्ररूप करायचं असेल तर साने गुरुजी, हरि नारायण आपटे, रवींद्रनाथ यांचं मूळ लेखन मुदत संपून खुलं झालेलं आहे. मात्र भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा वेगळा असतो, एवढं ध्यानात ठेवा.

राहिले मुख्याध्यापक. त्यांची भीती खोटी नाही आणि नवीही नाही. अमेरिकेत 1941 साली अल्बर्ट कँटर यांनी अभिजात कादंबऱ्यांची चित्ररूप मालिका काढली, ती पुढे ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ नावाने ओळखली गेली. अंकाच्या शेवटी मूळ पुस्तक शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयातून घेऊन वाचा, असं ते छापत. म्हणजे काढणाऱ्यालाही ही शंका होतीच. माझा अनुभव सरांना सरळ सांगा: काही मुलं मूळ पुस्तकाकडे जातात, बरीच जात नाहीत. जी जात नाहीत तीही पूर्वी काही वाचत नव्हती, आता निदान दोन-तीन मूळ परिच्छेद त्यांनी शब्दन् शब्द वाचलेले असतात आणि चित्रात काय गळलं ते त्यांना सांगता येतं. एवढं मला पुरेसं वाटतं. अख्खी कादंबरी नववीतल्या प्रत्येक मुलाने वाचावी, ही अपेक्षा चित्ररूप नसतानाही कधी पूर्ण झाली नव्हती. स्थूलवाचनाच्या तासिका यासाठी वापरता येतील, आणि मुलांनी केलेलं काम भाषेच्या 20 गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात तोंडी परीक्षेला धरता येईल, हे त्यांना दाखवलंत तर त्यांचाही विरोध मावळेल.

तुमच्याकडच्या चार-पाच पुस्तकांपैकी एकाचंच मूळ किंवा चांगलं मराठी भाषांतर तालुक्याच्या वाचनालयातून मिळवा. पहिले तीन तास त्या एका जोडीवरच घ्या, बाकीची पुस्तकं कपाटात राहू द्या. मूळ पुस्तक मात्र वर्गातच, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवा, आणि कोणी नेलं तर परत करायची घाई करू नका. कोणती पुस्तकं आली आहेत त्यांची नावं कळवलीत, तर सुरुवातीला कुठलं पान घ्यावं ते मी सांगू शकेन.